तेविसावा तक्ता

मादाम प्रुव्हो यांच्या रंगशाळेतल्या बायका रोगांना नावानं ओळखत नसत, आकड्यानं ओळखत. पॅरिसमध्ये तेव्हा गल्लोगल्ली अशा रंगशाळा होत्या. कुणी छापील फुलं रंगवी, कुणी सैनिकांचे गणवेश, कुणी उंची झगे. मादामच्या वाट्याला फोड आले होते. कातडीच्या रोगांचा, सत्तावीस तक्त्यांचा एक भला थोरला ग्रंथ होता. त्यातला प्रत्येक तक्ता दगडावरून काळाच छापून यायचा आणि या बायका तो हातानं रंगवायच्या. तक्त्याखाली रोगाचं लॅटिन नाव असे. पण लॅटिन पडलं पाद्र्यांचं आणि डॉक्टरांचं. बायकांचा व्यवहार वरच्या कोपऱ्यातल्या आकड्याशी.

चार म्हणजे खरूज. अकरा म्हणजे पोरांच्या डोक्यातलं गजकर्ण. सतरा म्हणजे कोपरांवर, गुडघ्यांवर चांदीचे खवले धरणारं ते जुनाट दुखणं. वर्षानुवर्षं तेच तक्ते हाताखालून गेल्यावर त्यांना रस्त्यात माणसं दिसेनाशी झाली होती, तक्तेच दिसत. कोपऱ्यावरची मासळीवाली म्हणजे नऊ, वरून थोडी चारची फोडणी. कोळसा टाकायला येणारा गडी निव्वळ सतरा. निळा रंग लावणारी जेली तर चर्चच्या पायऱ्या उतरणाऱ्या नवरदेवाची मान बघून सांगायची, की नवरीला अजून पत्ता नाही, पण हा बारा आहे. तिचं म्हणणं बहुधा खरं निघे. खोटं निघालं असं सांगायला तरी कुणी परत आलं नव्हतं.

आणि तेवीस म्हणजे गरमी. बाहेरख्याली नवरे घरी आणतात ती. तक्त्यावर मानेपासून कमरेपर्यंत एक बाई होती, मुंडकं नसलेली, अंगभर डाग. वर्गणी मागायला पाद्री आला की मादाम तो तक्ता पालथा घालायच्या. बाकीच्या आकड्यांवर टेबलावर खसखस पिके. तेवीस हातात आला की ज्या त्या बाईला आपापला नवरा आठवे आणि टेबल गप्प होई.

टेबलावर बारा बायका, उत्तरेच्या खिडकीखाली ओळीनं. प्रत्येकीपुढे एका शिंपल्यात एकच रंग. तक्ता डावीकडून उजवीकडे सरकायचा. पहिली अंगाचा फिका रंग देई, दुसरी सावल्या, मग जेलीच्या निळ्या शिरा, मग पिवळा पू आणि खपल्या, आणि शेवटी लाल. कातडीच्या रोगात लाल म्हणजे लग्नातला नवरदेव. बाकी सगळे वऱ्हाडी. हा लाल अकरा वर्षं ओनोरीन व्हासरच्या शिंपल्यात होता. तिच्या हातचा लाल डागाच्या कडेला असा विरघळायचा की कुंचला कुठे उचलला ते सांगता येऊ नये. मळकट रंग तिला सोसत नसे. परगावचा कुणी ग्रंथविक्या आला की मादाम तिचा तक्ता उजेडाला धरून म्हणायच्या, बघा, आमच्याकडे रोगसुद्धा स्वच्छ असतो.

तर अठराशे अडुसष्टच्या फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी, पॅनकेक उलटता उलटता ओनोरीनला डाव्या बरगडीखाली खाज सुटली. सणाच्या दिवशी खाज सुटणं शुभ की अशुभ यावर तिच्या आईचं काहीतरी मत होतं, पण ते तिला आठवलं नाही. निजण्यापूर्वी बघितलं तर जर्दाळूच्या फोडीएवढा एक लांबट डाग. तिनं तो गजकर्णात जमा केला आणि विसरून गेली. दहा दिवसांनी अंगातला झगा काढला तेव्हा छातीवर, पोटावर, काखेशी बारीक बारीक डागांची पेरणी झाली होती. आरशाचा तुकडा पाठीमागे धरून पाहिलं. पाठसुद्धा.

तिला नाव आठवावं लागलं नाही. ते डाग तिच्या ओळखीचे होते. त्यांतल्या एकेकावर तिनं हजारदा कुंचला टेकवला होता. रंगसुद्धा तिच्याच शिंपल्यातला.

ती पलंगाच्या काठावर बसली आणि ऑन्सेल्मचा विचार करू लागली.

ऑन्सेल्म व्हासर हा पिंपं बांधणारा. अंगानं धिप्पाड, बोलण्याला कंजूष, आणि लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सूप पिताना आवाज करणारा. दर सुगीला तो बोर्दोला जाई, द्राक्षांच्या हंगामात पिंपं दुरुस्त करायला, आणि नोव्हेंबरात परते. आजवर ओनोरीनला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पण शंका एकदा घरात शिरली की ती आधी कपाटं उघडते. यंदा परतताना त्याच्या गळ्यात नवा हिरवा रुमाल होता. कुणी दिला? मीच घेतला, म्हणाला होता. आणि ऑन्सेल्मनं आजवर स्वतःसाठी बुटाची नाडीसुद्धा आपणहून घेतलेली नव्हती. दुसरं, तो हल्ली काम करताना गुणगुणत असे. तिसरं, रविवारी तो दातांना कोळशाची पूड लावू लागला होता. गळा, गाणं आणि दात. तिघांनी मिळून साक्ष दिल्यावर आणखी काय हवं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी तीन महिने होतात. आणि हे दुखणं अंगावर उमटायला साधारण तेवढेच लागतात, असं मादामच कधीतरी म्हणाल्या होत्या.

शनिवारी तो परातीत उभा राहून अंग धूत होता तेव्हा ती टॉवेल द्यायच्या निमित्तानं मागे गेली. पाठ लख्ख. छाती लख्ख. दुसरी एखादी बाई इथे सुटकेचा श्वास टाकती. ओनोरीननं असा विचार केला की लख्ख पाठ दोनच माणसांची असते, एक निर्दोष माणसाची आणि दुसरी गुपचूप औषध घेऊन मोकळं झालेल्याची. आणि निर्दोष माणूस दातांना कोळसा लावत नाही.

तिनं तोंडातून शब्द काढला नाही. ‘तू मला गरमी आणलीस’ हे वाक्य एकदा उच्चारलं की खरं असो वा खोटं, ते त्या दोन खोल्यांतून पुन्हा बाहेर जाणार नव्हतं. खरं असेल तर तिला बहिणीकडे आमियाँला जावं लागणार होतं. खोटं असेल तर नऊ वर्षं नीट वागलेल्या माणसाला तिनं रस्त्यावरचा कुत्रा म्हटलं असं होणार होतं. म्हणून तिनं बायका करतात ते केलं. बोलायचं सोडून बाकी सगळं केलं. त्याचा चमचा वेगळा, पेला वेगळा, दोन्ही उकळत्या पाण्यातून काढलेले. रात्री डोकं दुखे, पोट दुखे, पाठ दुखे. दुखायला अवयव संपत आले. ऑन्सेल्म काही विचारत नसे. त्याचं गुणगुणणं मात्र थांबलं. त्याचीही तिनं नोंद घेतली, गुन्हेगाराला चाहूल लागली म्हणून.

रंगशाळेत तर आणखी कठीण. मान झाकणारी चोळी घालून ती भर फेब्रुवारीत उकाड्यात बसल्यासारखी घामेजून बसे. शेगडीशेजारी जेली, आणि जेलीच्या डोळ्यांतून ना नवरदेव सुटलेला ना कोळसेवाला. तिसऱ्या दिवशी तिनं कुंचला बुडवता बुडवता विचारलंच.

“काय गं ओनोरीन, मठात जायचा बेत आहे का? हनुवटीपर्यंत बटणं लावून बसलीस ती.”

“थंडी वाजते.”

“वाजू दे. पण मठात जाशील तर नवरा कुणाच्या नावावर करतेस ते आधी सांगून ठेव. पिंपं बांधणारा आहे, टाकून देण्यासारखा नाही.”

टेबलभर हसणं झालं. ओनोरीनही हसली, आणि त्या हसण्याला जेवढे कष्ट पडले तेवढे अख्खा तक्ता रंगवायलाही पडले नसते.

कालव्यापलीकडे कातडीच्या रोगांचं इस्पितळ होतं. तिथे जाणं सगळ्यांत सोपं, आणि तेच तिला नको होतं. तिथली रीत तिला ठाऊक होती. दर गुरुवारी मोठे डॉक्टर निवडक रोगी चौथऱ्यावर उभे करून विद्यार्थ्यांना शिकवत. एखादा नामी नमुना असला तर चित्रकार येऊन बसे. चित्राचा दगडावर तक्ता होई. तक्ता कुणाकडे येई रंगवायला? मादाम प्रुव्होंकडे. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत स्वतःची पाठ स्वतःच्याच पुढ्यात येणार, आपणच तिच्यावर लाल द्यायचा, आणि शेजारून जेली म्हणणार, ही पाठ कुठेतरी बघितल्यासारखी वाटते.

असे तीन आठवडे काढल्यावर तिला तार्दिव्हेलबाबा आठवला. वीस वर्षं तो रोग्यांच्या खाटेशी बसून चित्रं काढत होता. ग्रंथातले बहुतेक तक्ते त्याच्याच हातचे, तेविसावासुद्धा. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला म्हणून त्यानं काम सोडलं होतं आणि तो पाचव्या मजल्यावर एका मांजराबरोबर राहत होता. डॉक्टर नव्हता, त्यामुळे वहीत नाव लिहिणार नव्हता. आणि कातडं त्यानं डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ बघितलं होतं. डॉक्टर एका रोग्यापाशी पाच मिनिटं थांबतात, चित्रकाराला तीन दिवस बसावं लागतं.

रविवारी प्रार्थनेहून परतताना ती जिने चढली. बोलायचं कसं हा प्रश्न तिनं आधीच सोडवला होता. डागाळलेल्या रद्दीतून तेविसाव्या तक्त्याची एक प्रत काढून तिनं शालीखाली घेतली होती. ती बाबाच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, याच्याविषयी विचारायचंय. पुढचं त्यानं समजून घ्यावं.

बाबा वजडीचा रस्सा ढवळत होता. तिला बघून त्याला आनंद झाला, कारण पाच मजले चढून येणारं माणूस आणि दारू विकणारं माणूस या दोघांचा त्याला सारखाच आनंद होई. तिनं तक्ता ठेवला. वाक्य म्हटलं. बाबानं चष्मा नाकावर ओढला, तक्ता खिडकीशी नेला, दूर धरला, जवळ धरला, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू त्यानं आपल्या मुलीला नाचगाण्याच्या अड्ड्यावर पाहिलंय.

“हे कुणी केलं?”

ओनोरीनला वाटलं, झालं, त्याला कळलं. तिला एकदम रडू आलं. म्हणाली, “कुणी केलं तेच तर मला कळत नाही, बाबा. बहुतेक बोर्दोत झालं.”

“बोर्दोत? आता आपलं पुस्तक बोर्दोत रंगवतात?” बाबानं तक्त्यावर बोट आपटलं. “हा रंग कुणी दिला ते विचारतोय मी. हा रंग बघ. ही काय पाव्हण्यांसमोर लाजलेली मुलगी आहे? ही बाई सहा महिने गरमीनं पोळत होती. तिच्या अंगावर मी गुलाब काढले होते का?”

ती काही बोलण्याआधीच तो गुडघे टेकून पलंगाखाली शिरला होता. तिथल्या सपाट पेटीत, काळ्या कापडात गुंडाळून, त्यानं प्रत्येक तक्त्याची पहिली प्रत जपून ठेवली होती. स्वतः रंगवलेली, उजेड न लागलेली. तेविसावी काढून त्यानं आणलेल्या प्रतीशेजारी ठेवली. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून फळीवरून हॅमचा तुकडा आणला, त्याची चरबी कापून मांजराला टाकली, आणि उरलेला दोन्ही तक्त्यांच्या मध्ये ठेवला.

“डॉक्टर विद्यार्थ्यांना काय सांगतात? गरमीच्या डागाचा रंग निव्वळ हॅमसारखा, चरबी काढलेल्या. नाहीतर जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा. आता बघ.”

ओनोरीननं बघितलं. रंग बघणं हाच तिचा धंदा होता, तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. बाबाची पहिली प्रत तपकिरी, जड, किंचित मेलेली. हॅमशेजारी ठेवल्यावर कुठला हॅम आणि कुठलं चित्र असं वाटावं. आणि तिच्या हाताखालून आलेली प्रत पहाटेसारखी गुलाबी.

मग हे झालं कसं, तेही तिलाच उमगलं, आणि उमगताना कान तापले. रंगशाळेत नमुन्याचा एक तक्ता समोर टांगलेला असे. त्याच्याकडे बघून बाकीचे रंगवायचे. नमुना दोन-तीन वर्षांत शिंतोड्यांनी, हातांनी, शेगडीच्या धुरानं खराब होई. तेव्हा मादाम सगळ्या प्रतींतली सर्वांत सुबक प्रत निवडून टांगत. तीच पुढचा नमुना. अकरा वर्षांत असा चारदा नमुना बदलला होता, आणि चारही वेळा सुबक प्रत कुणाच्या लालची निवडली गेली हे विचारायची गरज नव्हती. दर खेपेला तिनं त्या मळकट रंगातला थोडा मळ काढला होता. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. हात वळायचाच तसा. चार पिढ्यांत गरमीचा वर्ण चांगलाच उजळला होता.

हे सगळं तिनं बाबाला सांगितलं. बाबाचा राग उतरला. तो तिच्याकडे कौतुकानं बघू लागला, कारण एवढी सफाईदार चूक करायला हात लागतो.

पण ती त्या कौतुकापाशी थांबली नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. गरमीचा रंग जर हॅमचा, तर मग...

“बाबा,” ती म्हणाली, “मग हे काय आहे?” आणि तिनं चोळीची वरची सहा बटणं काढली.

बाबानं खिडकीचा पडदा सारला आणि तिला उजेडात बसवलं. त्यानं इतकी उघडी अंगं बघितली होती की त्याच्या नजरेत पुरुष उरला नव्हता, नुसता कागद आणि शिसपेन्सिल होती. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, सगळ्यांत आधी कोणता आला. तिनं बरगडीवरचा मोठा दाखवला. किती दिवस तो एकटाच होता? दहा दिवस. खाज? थोडी. डागाच्या कडेच्या आत बारीक कोंड्याची कॉलर असते, ती त्यानं नखानं उचलून बघितली. पाठीवरचे डाग कसे तिरके, बरगडीच्या वाटेनं उतरलेत, ते त्यानं हवेत बोटानं काढून दाखवलं. फर झाडाच्या फांद्या जशा खाली झुकतात तसे. मग म्हणाला, तळहात उघड. तळहात कोरे, जिथे गरमी बहुधा उमटते. तोंड उघड. तोंड कोरं.

“घाल बटणं.” तो पुन्हा रश्श्याकडे वळला. “गुलाबी कोंडा आहे. सहा आठवड्यांत आपोआप जातो.”

“आपोआप?”

“आपोआप. कुणापासून येत नाही, कुणाला जात नाही. मी एकदा काढला होता, एका पाववाल्याच्या अंगावरचा. तीन दिवस बसलो. डॉक्टरांनी चित्र बघितलं आणि बाजूला ठेवलं.”

“का?”

“आपोआप बऱ्या होणाऱ्या रोगाचा तक्ता कोण विकत घेणार?”

ओनोरीन बटणं लावायला लागली. सत्तावीस तक्त्यांपलीकडे जगात आणखी रोग असतील ही शक्यताच अकरा वर्षांत तिला शिवली नव्हती. मग तिला हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग ती तोंडावर शाल धरून इतकी हसली की मांजर पलंगाखाली गेलं. बाबाला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यानं तिला रश्श्याची वाटी दिली. तीन आठवड्यांत तिला पहिल्यांदाच अन्नाला चव लागली. आणि खरं सांगायचं तर त्या रश्श्यात मीठ नव्हतं.

बाबानं मात्र एक अट घातली. मी चित्रकार आहे, माझ्या शब्दावर निर्धास्त राहू नकोस. उद्या डॉक्टरांना दाखव. चौथऱ्यावर नाही, बाजूच्या खोलीत. मी येतो. ज्यांच्या नावावर ग्रंथ आहे तेच डॉक्टर होते ते.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी तिला खिडकीशी उभं केलं, तळहात बघितले, तोंड बघितलं, मानेतल्या गाठी चाचपल्या, आणि बाबाचीच वाक्यं थोड्या महागड्या शब्दांत सांगितली. गरम पाण्यानं अंग धुऊ नका, घासू नका, खाज सुटली तर पिठाचा लेप लावा. एवढ्यात सगळं मिटलं. ओनोरीन दाराकडे वळत होती तोच बाबानं काखेतले दोन्ही तक्ते काढून टेबलावर मांडले.

डॉक्टरांनी आपला ग्रंथ छापून झाल्यावर पुन्हा उघडला नव्हता. लिहिणारे बहुधा उघडत नाहीत. त्यांना रोग रोग्यांकडे बघून ओळखू येत होता, पुस्तक त्यांना कशाला लागतं? ते लागतं लांबच्या गावातल्या डॉक्टरला, ज्याच्याकडे इस्पितळ नाही, शिकवायला कुणी नाही. असतो तो हा ग्रंथ आणि समोर कपडे काढून बसलेला घाबरलेला रोगी. डॉक्टरांनी गुलाबी तक्ता उचलून खिडकीशी धरला.

“हा असा किती दिवस जातोय?”

ओनोरीन म्हणाली, असा अगदी गुलाबी तीन वर्षं. त्याआधी थोडा कमी. लाल रंग माझा असतो.

“म्हणजे तीन वर्षं,” डॉक्टर म्हणाले, “कुणाला तुमच्यासारखा कोंडा झाला, तर गावच्या डॉक्टरनं हा तक्ता शेजारी धरून बघितला असणार. आणि गरमीवरचा पारा दिला असणार.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पाऱ्यानं हिरड्यांचं काय होतं ते ओनोरीनला सव्विसाव्या तक्त्यावरून पाठ होतं. कुठल्याशा गावात कुणी पाववाला, कुणी बाई, दात हलताहेत, लाळ गळतेय, आणि नवऱ्याकडे बघणं सोडून दिलंय, तिच्यासारखंच. फक्त तिला पाच मजले चढून जायला बाबा होता. जिना उतरताना तिची सुटका अर्धी झाली होती, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी काय करायचं ते तिनं कालव्याच्या पुलावर ठरवलं.

दुपारी तिनं मादामना सांगितलं, बाकीच्यांसमोर, आपलं नाव घेऊन. मादामचं म्हणणं असं पडलं की एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केलेली नाही, त्याअर्थी रंग बरोबर आहे. त्यावर ओनोरीननं डॉक्टरांनी सकाळीच दिलेली चिठ्ठी पुढे केली. तीत लिहिलं होतं की उरलेल्या सगळ्या प्रती पुन्हा रंगवाव्यात, वर्गणीदारांना नवा तेविसावा तक्ता पाठवावा, आणि यापुढे नमुना बदलताना तार्दिव्हेल यांच्या पेटीतल्या प्रतीवरूनच बदलावा. मादामनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मग हे सगळं आपल्याच मनात होतं असा चेहरा केला. ओनोरीननं शिंपल्यातल्या किरमिजीत गेरू कालवला, त्यात चिमूटभर काजळ टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं जाणूनबुजून मळकट रंग केला. पहिला डाग रेषेबाहेर गेला, जसा नव्या मुलीचा जातो.

जेली वाकून बघत म्हणाली, “शी. आता खरंच वाटतंय काहीतरी झालंय बाईला.”

“तसंच वाटायला पाहिजे,” ओनोरीन म्हणाली. आणि उकडतंय म्हणून वरची दोन बटणं सोडली. जेलीनं तिच्या गळ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले, सत्तावीस आकडे मनात फिरवले, आणि एकही लागू पडेना म्हणून बिचारी संध्याकाळपर्यंत बेचैन होती.

घरी आली तेव्हा ऑन्सेल्म आधीच आला होता आणि कोबीच्या सुपाकडे तोंड करून बसला होता. पुढ्यात वेगळा चमचा. तिच्याकडे न बघताच त्यानं विचारलं, “मी काही केलंय का?”

तीन आठवडे तो हे वाक्य घोळवत असावा. कडा गुळगुळीत झालेल्या गोट्यासारखं ते बाहेर आलं.

तिनं त्याला सांगितलं. डाग, तक्ता, बाबा, डॉक्टर, सगळं. बोर्दोविषयीचं मात्र तिनं हात आखडता घेऊन सांगितलं. शंका आली होती एवढं कबूल केलं. गळा, गाणं आणि दात यांची साक्ष झाली होती हे गिळलं. शहाणी बाई नवऱ्याला तीन चतुर्थांश खरं सांगते आणि उरलेलं अडीअडचणीला ठेवते. पण ऑन्सेल्म दिसतो तेवढा ठोंब्या नव्हता. चमचा खाली ठेवून तो म्हणाला, “रुमालावरून?”

तिनं तो चमचा उचलला आणि बाकीच्या चमच्यांत नेऊन टाकला.

“तू म्हणाली होतीस, माझी मान सोललेल्या बदकासारखी दिसते. सुगीला निघालो त्या सकाळी. सगळ्या गाडीत माझ्या डोक्यात तेच.” मग, “आणि तोंडाला वास येतो म्हणालीस.”

ओनोरीनला ती सकाळ आठवली. आपण असलं काहीतरी म्हणालो होतो खरं. ती रोजच काही ना काही म्हणत असे, त्यातलं नेमकं काय माणूस बोर्दोपर्यंत घेऊन जाईल हे कुणाला ठाऊक. तिला माफी मागायची होती, पण नऊ वर्षांत ती सवय लागली नव्हती. म्हणून तिनं पिठाचा लेप कालवला, चोळी उतरवली आणि त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसली. पाठीवर माझा हात पोचत नाही, म्हणाली.

त्यानं दिवा जवळ घेतला. पिंपाच्या फळ्या तपासायची सवय असलेला अंगठा तिच्या पाठीवरून डागाडागांवरून सावकाश फिरायला लागला. लेप गार होता. मग त्याला राग आला. म्हणजे राग तीन आठवड्यांचा होता, पण घाबरलेल्या माणसाला रागवायची सोय नसते; आता ती झाली. तो म्हणाला की उकळत्या पाण्यातून काढलेल्या चमच्यानं त्याचा ओठ भाजला होता, दोनदा. सूप रोज अळणी होतं. त्याला वाटलं होतं, तिला त्याचा कंटाळा आला. कोपऱ्यावरच्या घड्याळजीवर त्याचा संशय होता, त्या टकल्यावर, आणि एका संध्याकाळी तो त्याच्या दुकानासमोर पाऊण तास पावसात उभाही राहिला होता. बोलताना त्याचा आवाज चढत गेला. एरवी महिनाभरात जेवढे शब्द त्याच्या तोंडून निघत तेवढे निघाले आणि अजून येतच होते.

घड्याळजी. ओनोरीननं ओठ चावून हसू दाबलं. पाठीवर गारवा पसरत होता आणि मागे नवरा मनसोक्त भांडत होता.

त्याचा हात थांबला तशी ती म्हणाली, “तू बोल. पण हात चालू ठेव.”